काल्याचं कीर्तन आणि गालगुंड

मास्तरला पगार सरकार देतं आणि आजार पोरं देतात. पगाराला कधीमधी उशीर होतो, आजाराला होत नाही. आषाढात सर्दी, दिवाळीच्या तोंडावर खरूज, शिवरात्रीच्या सुमारास डोळे, असं हे वर्षासन शिरूर तालुक्यातल्या आमच्या लोकल बोर्डाच्या शाळेत रुजू झाल्यापासून मला नेमानं मिळत आलेलं आहे.

यात पोरांचा दोष म्हणावा तर तोही नाही. पोर पाटी कशानं पुसतं? थुंकीनं. थुंकी कमी पडली तर शेजारच्याची उसनी घेतं. ती ओली पाटी तपासायला माझ्या हातात येते. मी बरोबरची खूण करतो, त्याच हाताचं बोट जिभेला लावून हजेरीचं पान उलटतो आणि पुढच्या आठवड्यात शिंकायला लागतो. इतकी वर्षं मी याला प्रारब्ध समजत होतो.

आता माझं दुसरं प्रारब्ध सांगतो, म्हणजे कीर्तन. मला व्यसन एवढंच. आमची मंडळी म्हणते, "ह्यांना पोटातली भूक कळत नाही, पण तीन कोसांवर पखवाजावर थाप पडली की कान उभे राहतात." घोडनदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत कुठंही सप्ता असो, बुवांच्या मागं टाळ धरून मी उभा. बुवांनी चरण सोडलं की ते उचलायचं, बुवांचा श्वास संपला की आपला लावायचा. पंधरा-वीस बुवांच्या पाठी मला इतक्या पाठ आहेत, की नुसत्या उपरण्याच्या घडीवरून मी बुवा ओळखतो. मनात एक इच्छा मात्र होती. एकदा, देवा, एकदाच त्या नारदाच्या गादीवर मला उभं कर आणि माझी पाठ दुसऱ्या कुणाला तरी बघू दे.

देवानं ऐकलं. होळी झाल्यावर सप्त्याचे पंच पोपटराव शाळेत आले. सोसायटीचे चेअरमनही तेच.

"मास्तर, एक काम हाय. न्हाई म्हनू नगा."

मास्तरकडं काम म्हणजे शिरगणती, नाहीतर मतदारयादी. मी मुकाट्यानं दौत पुढं ओढली.

"आवं, ल्ह्यायचं न्हाई, उभं ऱ्हायाचं हाय. हनुमान जयंतीच्या सप्त्याचं काल्याचं बुवा काशीला गेल्यात. औंदा काल्याचं कीर्तन तुमी करायचं."

दौत सांडली. सप्त्यात सात दिवस कोणीही बोलून जाईल, पण शेवटच्या सकाळचा काला म्हणजे देवळावरचा कळस. गावातलं झाडून सगळं माणूस येतं. मी घरी येऊन देवापुढं साखर ठेवली. मंडळी म्हणाली, "ठेवा, पण घसा सांभाळा. तुमचा घसा म्हणजे पोरांचं कुरण."

आणि त्याच आठवड्यात हसीना गाल सुजवून शाळेत आली.

हसीना म्हणजे आमच्या चौथीची मॉनिटर आणि चांदभाईची मुलगी. चांदभाई गावात डबे-कंदील सांधतो, सप्त्याला गॅसबत्त्या आणि मांडव त्याचाच, वडिलोपार्जित मान आहे तो. हसीनाचा आवाज असा, की ती पाढे म्हणायला लागली की नदीपल्याडची गुरं माना वर करतात. त्या दिवशी मात्र ती ओढणीत तोंड गुंडाळून आली, आपली ओली पाटी माझ्या हातात दिली आणि दातांतून म्हणाली, "गुरुजी, गाल भरलाय." ओढणी सोडली तर एका गालात आख्खा बुंदीचा लाडू धरावा तसं गालगुंड.

मी पाटी इंगळी टाकावी तशी टेबलावर ठेवली.

संध्याकाळी देवळात सावळाराम आबांना विचारलं. आबा आमचे वीणेकरी. त्यांना सगळे आजार होऊन गेलेले आहेत.

"गालगुंडात तोंड उघडत न्हाई, मास्तर," आबा म्हणाले. "मला झालं तवा आठ दिस कण्यांची पेज पीत हुतो, ती बी कडंकडंनं. बोलायचं तर नावच नगं. तुमाला ल्हानपनी झालंय का?"

"नाही."

"मग झालं! आता व्हनार," असं आबा इतक्या आनंदानं म्हणाले, की जणू पुत्ररत्नच होणार होतं.

जयंतीला अजून बराच अवकाश होता, पण उघड्या तोंडाशिवाय कीर्तन कसं करणार? मग मला हौशीराम आठवला. हौशीराम माझा मेहुणा, दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात असतो. त्याला जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं रेल्वेत सापडतात. रंगपंचमीनंतरच्या रविवारी न्हावऱ्याच्या फाट्यावर एस.टी. धरली आणि दौंड गाठलं.

हौशीराम कॉटवर बसला होता. ऐन उन्हाळ्यात जबड्याभोवती मफलर बांधून डोक्यावर गाठ मारलेली.

"दाढ," तो कसाबसा म्हणाला. "दुखतीया. तुमी बसा भावजी, च्या घ्या." त्यानं आपल्या बशीतला अर्धा चहा प्यायला आणि उरलेला मला दिला. आमच्यात पहिल्यापासून असा जिव्हाळा आहे. दुपारी जेवलोही एका ताटात. त्याची बायको माहेरी गेली होती आणि भांडी घासायचा त्याला कंटाळा.

माझी हकिकत ऐकून त्यानं मफलर जरा सैल केला. "भावजी, हे इन्फेक्शन हाय. इन्फेक्शन म्हंजी विदाऊट तिकीट प्याशिंजर. त्येला गाडीत चढूच द्यायचं न्हाई. प्लॅटफारमावर पांढरी रेघ असती का न्हाई? पब्लिक रेघंच्या आत. तशी वर्गात मारा. दुसरं, तोंडाला फडकं. तिसरं, हात धुनं. आन् पोरांचं काय बी हातात घ्यायचं न्हाई."

"पाट्या?"

"लांबून सिग्नल बघतो न्हवं आपुन? तशा बघा."

निघताना त्यानं फिनेलची बाटली दिली आणि रीतीप्रमाणे मला कडकडून मिठी मारली.

सोमवारी मी कामाला लागलो. वर्गात टेबलापुढं खडूची जाड रेघ मारली. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधली, नाकातोंडावर धुतलेलं पंच्याचं फडकं. मी दारातून आत येताच पहिलीतल्या पोरांनी दरोडेखोर आला म्हणून खिडकीतून उड्या टाकल्या आणि त्यांना जमवण्यात पहिला तास गेला. फिनेलच्या वासानं शेजारच्या कोंडिबाच्या म्हशीनं दूध चोरलं. तो भांडायला आला आणि माझ्या तोंडावरचं फडकं बघून "मास्तर, कुनी गेलं का?" म्हणत हळूच बसला.

पाट्या लांबून वर धरायला लावल्या. पंचवीस फुटांवरून सगळ्यांचीच गणितं बरोबर दिसतात. आमच्या शाळेचा निकाल त्या पंधरवड्याइतका चांगला त्याआधी कधी नव्हता. एखादी पाटी जवळून बघायचीच झाली तर शेंगा पाडायची बांबूची आकडी होती. तिनं पाटीच्या चौकटीचं भोक पकडून ओढायचं. तीन पाट्या फुटल्यावर आया आल्या. आकडी परत बाभळीखाली गेली.

हात धुण्याची गोष्ट मात्र खरोखर नामी जमली. पोरं नियम ऐकत नाहीत, पण चाल ऐकतात. हे मला टाळकऱ्याला ठाऊक. मी एक पद बांधलं, कीर्तनातल्या गजराच्या चालीवर:

हात धुवा हो, हात धुवा,
राख घेऊनि हात धुवा,
नख-बोट-मनगट बघा,
मग घासाला हात लावा!

हसीनाच्या गालाची सूज उतरली तशी तिनं हे पद उचललं आणि सगळ्या गावाला चढवलं. पोरं घरी जेवायच्या आधी गजर करायची आणि बापाचेही हात तपासायची. बायका तक्रार घेऊन आल्या, "मास्तर, चुलीत राख ठिवंनात पोरं. भांडी कशानं घासायची?"

म्हणून मी वरच्या ऑफिसाकडं शाळेसाठी साबणाचा अर्ज केला. उत्तर आलं, 'साबण ही वस्तू सादिलवार म्हणजे किरकोळ खर्चात बसत नाही. सबब शाळेस साबण लागण्याचे कारण काय, याचा खुलासा करावा.' मी खुलासा केला की शाळेत साथ आहे. त्यावर विचारणा आली, 'साथ असल्यास शाळा चालू का ठेवली?' मग मी कळवलं की साथ संपली. लगेच उत्तर, 'साथ संपल्यास साबणाची आवश्यकता दिसत नाही.' न्यायशास्त्राचे मोठमोठे पंडित मी कीर्तनात ऐकले आहेत, पण इतकं बिनतोड कोणी बोललं नाही.

हे सगळं चेष्टेवारी गेलं असतं, पण एक दिवस शाळा सुटताना चांदभाई आला. आत आला नाही, रेघ बघून उंबऱ्यातच उभा राहिला.

"मास्तर, पोरीचा गाल उतरला न्हवं?"

"हो. उतरला."

"मग ती अजून भायेर पायरीवर का बसती? बाकीची रेघंच्या पल्याड, पर आत. माजी एकलीच भायेर."

"चांदभाई, तसं काही नाही. पहिलं तिला झालं होतं म्हणून. हौशीराम म्हणाला, गाल उतरला तरी थोडे दिवस..."

"दौंडचा पावना म्हनला व्हय." चांदभाईनं हातातली टोपी झटकली. "मास्तर, माज्या बापापास्नं आमी देवळात बत्त्या लावतो. तिथं कुनी कवा रेघ मारली न्हाई. पोरगी घरी इचारती, 'अब्बा, आपुन काय येगळं हाय का?' म्या काय सांगू?"

माझ्या तोंडावर फडकं होतं ते बरंच झालं, तोंड दाखवण्यासारखं नव्हतं. "काला होऊ द्या, चांदभाई," मी म्हणालो. "काला झाला की रेघ पुसतो."

चांदभाईनं टोपी डोक्यावर चढवली आणि निघून गेला. घरी मंडळीला सांगितलं तर ती चुलीपुढून म्हणाली, "काल्याला काय सांगणार आहात? गोपाळांची शिदोरी देव कशी खातो तेच ना?"

"हो."

"आणि हसीना पायरीवर बसून ऐकणार. बरं आहे. जेवायला या."

त्या रात्रीची भाकरी काही गोड लागली नाही. पण घसा, महाराज, घसा! आयुष्यात एकदा मिळालेली गादी. मी हसीनाला पायरीवरून उठवून आतल्या दारापाशी बसवलं आणि स्वतःची समजूत घातली, की रेघ तेवढी राहू द्यावी.

काल्याची सकाळ उजाडली. गळा स्वच्छ, नाक मोकळं, ताप नाही. मारुतीच्या देवळापुढं चांदभाईचा मांडव, वर दहीहंडी टांगलेली, पुढं माझी सगळी शाळा गोपाळ होऊन बसलेली. मागं आबा वीणा घेऊन उभे, कोंडिबा पखवाजावर. हौशीराम आदल्या दिवशीच आला होता, बिनमफलरचा. "दाढ बसली, भावजी. मग दुसऱ्या बाजूची उठली. ती बी बसली." येताना त्यानं फक्की आणली होती आणि माझ्यावरच्या प्रेमापोटी नारदाच्या गादीभोवती पांढरी रेघ ओढून ठेवली होती. "बुवा सेफ्टीत पायजेल!"

मी उभा राहिलो. 'रामकृष्णहरी' म्हटलं आणि आवाज असा लागला, की माझा मलाच दंडवत घालावासा वाटला. पोपटरावांनी मान डोलावली. मी रंगत गेलो. यमुनेचा काठ उभा केला, गाई चारल्या, गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या. कुणाची शिळी भाकरी, कुणाची कांजी, कुणाचं आंबट ताक. सगळं एकात कालवून देव खातो, पेंद्याच्या तोंडातला घास काढून खातो! वर स्वर्गात देवांच्या तोंडाला पाणी सुटलं. ते उष्टं मिळावं म्हणून देव मासे होऊन यमुनेत उतरले. गोपाळ हात धुतील, शितं पाण्यात पडतील, आपण खाऊ. पण कृष्ण पक्का! त्यानं देवांचं कपट ओळखलं. मी उपरणं खांद्यावर टाकलं, एक पाय पुढं घेतला आणि तारस्वरात गर्जलो,

"देव म्हणाला, गड्यांनो, हात धुवू नका! हात घोंगडीला पुसा!"

पखवाजावर थाप पडली. पुढच्या रांगेतून हसीना उभी राहिली.

"गुरुजी, मग आपुन का धुतो?"

मी उपरणं सावरत राहिलो. पोरांना वाटलं, गुरुजी विसरले. म्हणून मदतीला सगळी शाळा एका सुरात उठली, "हात धुवा हो, हात धुवा, राख घेऊनि हात धुवा!" गजराची चाल ऐकून कोंडिबाचा हात आपोआप पडला. टाळकऱ्यांनी टाळ धरले. मागल्या म्हाताऱ्या भक्तिभावानं टाळ्या वाजवायला लागल्या. गोकुळात देव सांगतोय हात धुवू नका आणि सबंध गाव म्हणतंय धुवा. पोपटराव फेट्याच्या शेमल्यात तोंड घालून हलत होते. बायकांच्या बाजूला आमची मंडळी पदरानं डोळे पुसत होती, आणि ते काही भक्तीचे अश्रू नव्हते.

गजर थांबला. मागून आबा म्हणाले, "मास्तर, पोरीनं शंका काडलीया. गादीवरनं समाधान करावं लागतं."

मी खाली बघितलं. पायांभोवती पांढरी रेघ. समोर बघितलं तर मांडवाच्या खांबापाशी दोर धरून चांदभाई उभा. तो एकटा हसत नव्हता.

"मंडळी," मी म्हणालो, "पोरीची शंका खरी आहे. हात धुवायला मीच शिकवलं आणि ते खोटं नाही. हात धुवावेतच. पण देवानं सवंगड्यांभोवती रेघ मारल्याचं मी पंधरा-वीस बुवांच्या मागं उभा राहून एकदाही ऐकलेलं नाही. ही रेघ माझी आहे. देवाकडं हिला आधार नाही."

खांद्यावरचं उपरणं घेतलं, खाली वाकलो आणि फक्की पुसून काढली. हौशीराम कळवळून म्हणाला, "भावजी, सेफ्टी!" पण तोवर हंडी फुटली होती.

काल्याची रीत अशी, की पहिला घास गोपाळांनी बुवांच्या तोंडात घालायचा. दह्यात भिजलेल्या लाह्यांची मूठ घेऊन हसीना पुढं आली. पण थबकली. मग दोन्ही हात उलटसुलट करून तिनं मला दाखवले.

"धुतलेत, गुरुजी. राखंनं. नख-बोट-मनगट."

मी आ केला. पुढं मग किती पोरांनी किती घास कोंबले, कुणाकुणाला मिठ्या मारल्या, सांगता येणार नाही. चांदभाईला मात्र मी आपण होऊन काला भरवला. त्याच्या मिशीला दही लागलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "मास्तर, आवाज बाकी झ्याक लागला," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात मला दुसराच मनुष्य दिसला. दोन्ही गाल खांद्यांना भेटायला निघालेले. मंडळीनं चहा आणला, बघितलं आणि म्हणाली, "आपण कोण? हे घरात नाहीत." आबा दर्शनाला आले. "इंद्रानं वज्र हानलं तवा मारुतीरायाचा जबडा असाच सुजला आसंल. किरपा हाय, मास्तर."

शिरूरला डॉक्टरांकडं गेलो. बैलगाडीतल्या प्रत्येक खड्ड्याला गालांची आठवण. काल्याचं झालं असं मी खुणेनं सांगितलं. डॉक्टर मान हलवून म्हणाले, "काल्याचं नव्हे. हे आत शिरल्यापासून वर यायला अडीच-तीन आठवडे घेतं. त्या सुमाराला कुणाला गालगुंड होतं, ज्याच्याशी तुम्ही फार जवळून वावरलात?"

मी कागदावर लिहून दिलं, 'जवळ कोणालाच नाही. शाळेतल्या एका मुलीस होते, तिला मी लांब बसवले होते. त्या सुमारास मी खबरदारीचे उपाय विचारण्यास दौंड येथे मेहुण्याकडे होतो. त्याची दाढ दुखत होती. प्रथम एका बाजूची, नंतर दुसऱ्या.'

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती. पाठी ओळखण्यात माझा हातखंडा आहे. ती हसणाऱ्याची होती.

म्हणजे ज्या सोमवारी मी रेघ मारली, त्या सोमवारी आजार रेघेच्या अलीकडं, खुर्चीवर, तोंडाला फडकं बांधून बसला होता. आणि काल्याच्या दिवशी मी ज्यांना ज्यांना मिठ्या मारल्या, त्यांना प्रसाद पोचला. पुढं सोसायटीच्या सभेत पोपटरावांना तोंड उघडता आलं नाही आणि सभा पहिल्यांदाच वेळेवर संपली.

परत आलो तेव्हा घराच्या ओट्यापुढं खडूची रेघ होती. पलीकडं माझी सगळी शाळा पाट्या घेऊन उभी. नियम माझेच, मी काय बोलणार? आणि बोलता येत तरी कुठं होतं!

हसीना तेवढी रेघ ओलांडून सरळ ओट्यावर चढली.

"ए, तू मागं सर!" पोरं ओरडली.

"मला हून गेलंय. पुना हुत न्हाई, माजी आजी म्हनली," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली. एकेक पाटी आणून माझ्या नाकासमोर धरू लागली. जवळून बघितलं तर निम्म्यांची गणितं चुकलेली होती. मी मान हलवायची, तिनं खूण करायची. मंडळीनं पेजेची वाटी आणली, तशी हसीनानं माझ्याकडं रोखून बघितलं.

"हात धुतलं का, गुरुजी?"

मी दोन्ही हात पुढं केले. तिनं नखं बघितली, बोटं बघितली, मनगट बघितलं आणि वाटी माझ्यापुढं सरकवली. मग उभी राहिली, ओढणीचं टोक उपरण्यासारखं खांद्यावर टाकलं, एक पाय पुढं घेतला आणि तारस्वरात पद सुरू केलं. नदीपल्याडच्या गुरांनी नक्की माना वर केल्या असतील.

मी खुंटीवरचे टाळ काढले आणि तिच्या मागं बसून धरले. समोर तिची पाठ होती. जागा माझ्या ओळखीची होती.